ढोल, ताशा, पखवाजाचा खांदेपट्टा: लांबी सगळ्यात शेवटी ठरवा

श्रावणात नाशिकच्या पथकांचे सराव रंगात आले की तक्रारी त्याच त्या येतात. मान आखडली, खांद्यावर वळ उठले, ढोल मांडीवर आपटतो, वाजवता वाजवता बकल सरकतं. यावर बहुतेकांचा उपाय ठरलेला: जाड गादीचा नवा पट्टा आणायचा, आरशासमोर उभं राहून लांबी जमवायची आणि थेट सरावाला जायचं. चार दिवसांत तक्रार परत हजर.

गादीत खोट नसते. कामाचा क्रम उलटा झालेला असतो. लांबी ही पट्ट्याची शेवटची गोष्ट आहे. आधी वजन, मग पट्टी, मग वाद्यावर पट्टा कुठे अडकवायचा ते दोन बिंदू, मग बकल, मग शिवण, आणि हे सगळं झाल्यावर वाद्य अंगावर घेऊन लांबी. खालचे टप्पे याच क्रमाने करा. मधला टप्पा गाळलात तर पुढचा फुकट जातो.

एक खुलासा. ढोल कमरेला आवळून बांधायची रीत पथकांत रुळलेली आहे आणि ती सोडा असं माझं म्हणणं नाही. खांद्यावरचा पट्टा कमरेच्या बांधणीला जोड म्हणून घ्यायचा. वजनाचा मोठा वाटा कमरेवर आणि ढोल जागेवर धरायचं काम खांद्यावर, अशी वाटणी झाली तर मिरवणूक निभावते. नुसत्या एका खांद्यावर ढोल टांगून वाकडी बारव ते गोदाघाट अशी विसर्जन मिरवणुकीची अख्खी वाट चालायचा हट्ट धरू नका.

तयारी: हाताशी काय हवं

मापायची टेप, चार हात सुतळी, खडू, घरातला वजनकाटा, एक उंच स्टूल आणि मदतीला एक माणूस. हा मदतनीस ऐच्छिक नाही. वाद्य अंगावर असताना स्वतःचा पट्टा स्वतः जमवायला गेलं की खांदा वाकडा होतो, आणि पट्टा त्या वाकड्या खांद्याच्या मापाचा बसतो.

अंगात मिरवणुकीचेच कपडे घाला. झब्बा, त्यावर जाकीट असेल तर जाकीट, पायात तीच पादत्राणं. टी-शर्टवर जमवलेला पट्टा गुळगुळीत झब्ब्यावर घसरतो, आणि जाकिटाच्या जाडीने लांबीही बदलते.

टप्पा १: वजन आणि माप

आधी तुम्ही एकटे काट्यावर उभे राहा, मग वाद्य उचलून उभे राहा. दोन्हींतला फरक म्हणजे वाद्याचं वजन. ढोलाचं वजन खोडावर (मधला पोकळ भाग), रिंगवर आणि पानावर (वाजवायचा ताणलेला पडदा) ठरतं. शेजारच्या पथकाचा ढोल हलका म्हणून तुमचाही हलका असेल असं धरून चालू नका. आणि हे उभ्या माणसाचं वजन झालं. वादक ठेक्यावर उडी मारून खाली येतो त्या क्षणी पट्ट्याला याच्या दुपटीहूनही जास्त झटका बसू शकतो. कड्या, हूक आणि शिवण त्या झटक्याच्या हिशेबाने निवडायची.

आता सुतळी. वाद्य स्टुलावर, गरज पडली तर स्टुलावर पाट ठेवून, तुमच्या वाजवायच्या उंचीला आणा. मदतनीस सुतळीचं एक टोक वाद्याच्या डाव्या अंगाला धरेल, सुतळी पाठीवरून तिरकी नेऊन खांद्यावरून पुढे आणेल आणि उजव्या अंगाला टेकवेल. ती लांबी लिहून ठेवा.

पट्टी किती घ्यायची? सुतळीच्या लांबीत ३० सें.मी. मिळवा, शिवायच्या टोकांसाठी आणखी १५ सें.मी. सुतळी १२० सें.मी. भरली तर १६५ सें.मी. पट्टी. तीन दांड्यांचा स्लायडर (लांबी कमी-जास्त करायचं बकल) लावलेला असा पट्टा लहान-मोठा व्हायला दोन्हीकडे पुरेशी जागा ठेवतो. पथकातला एक ढोल दोघं-तिघं वाजवतात, त्यामुळे ही जागा लागतेच.

तपासा: सुतळी खांद्यावर मानेला चिकटून गेली का? तिथून गेली असेल तर माप परत घ्या. ती मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध जायला हवी.

टप्पा २: पट्टी आणि गादी

दुकानात चार प्रकार दिसतात.

सुती नवार अंगाला छान. घाम शोषते, घसरत नाही. पण पाण्यात भिजली की जड होते, वाळायला वेळ लावते, आखडते आणि ओली ठेवली तर कुजते. भाद्रपदातल्या नाशिकच्या पावसाचा भरवसा नाही, म्हणून मुख्य भार सुती पट्टीवर नको.

नायलॉन मजबूत आहे, मऊही आहे, पण भिजल्यावर ताणतं. कोरड्यात नीट जमवलेला ढोल पावसाची सर आल्यावर दोन बोटं खाली उतरतो तो त्यामुळे.

पॉलिएस्टर पाणी फारसं पीत नाही आणि कमी ताणतं. ढोलासाठी माझी पसंती यालाच.

चौथी, चकचकीत, हलकी आणि स्वस्त पट्टी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. तिच्या कडा टोचतात, बकलमध्ये ती निसटते आणि उन्हात राहून कडक पडते. पिशवीच्या बंदाला ठीक. ढोलाला नको.

रुंदी ढोलासाठी ५० मि.मी., ताशा आणि पखवाजासाठी ३८ मि.मी. पुरते. २५ मि.मी.ची पट्टी वजनदार वाद्याला घेतली तर वर कितीही गादी लावा, ती गादीतूनही खांद्यात रुतते.

गादीबद्दल एकच गोष्ट, पण ती बहुतेक ठिकाणी चुकलेली दिसते: गादी पट्टीवर शिवून टाकलेली असते. मग लांबी कमी-जास्त केली की गादी छातीवर येते नाहीतर पाठीवर जाते, आणि खांद्यावर उघडी पट्टी राहते. गादी नळीसारखी शिवून घ्या, म्हणजे ती पट्टीवरून सरकेल. खालच्या अंगाला खरखरीत कापड किंवा रबरी जाळी असू द्या. फार जाड, लुसलुशीत फोम घेऊ नका. वजन पडलं की तो मधोमध दबतो आणि कडाच तेवढ्या राहतात. दाबून लगेच वर न येणारा, घट्टसर फोम चांगला.

टप्पा ३: वाद्यावरचे दोन बिंदू

पट्टा वाद्याला कुठे अडकतो यावर वाद्य सरळ राहणार की कलंडणार हे ठरतं. खांद्यावर पट्टा सरकत असतो, त्यामुळे लांबी बदलून तिरकेपणा जात नाही. तो इथेच घालवावा लागतो.

ढोल: दोन्ही बिंदू दोन्ही पानांपासून सारख्या अंतरावर, वरच्या अंगाला, आणि मधल्या रेषेपासून किंचित तुमच्या शरीराकडे. तिथे सुतळीचे दोन फास लावून ढोल उचलून बघा. एक बाजू खाली जात असेल तर त्या बाजूचा बिंदू तिच्या पानाच्या दिशेने थोडा सरकवा. टिपरूची, म्हणजे ढोल वाजवायच्या काठीची, बाजू थोडी खाली हवी असणारे वादक असतात; त्यांनीही ती पट्टा ओढून नव्हे, बिंदू सरकवूनच खाली घ्यावी.

दोरीने ताणलेल्या ढोलावर मोठा मोह होतो तो पट्ट्याचा हूक थेट एका दोरीत अडकवायचा. तसं केलं की सगळं वजन त्या एका दोरीवर येतं, तिथलं पान जास्त ताणलं जातं, बाकीचं सैल पडतं आणि सूर लावलेला ढोल अर्ध्या तासात बसका वाजतो. मग दोष पानाला दिला जातो. खोडाभोवती पट्टीचं एक कडं घ्या, ते दोऱ्यांच्या खालून न्या, आणि कडी त्या कड्यावर शिवून घ्या. नटबोल्टच्या ढोलावर हूक बोल्टला अडकवू नका. खोडाला वेगळी कडी नसेल तर तिथेही हेच कडं.

ताशा: काठाजवळचे दोन बिंदू. समोरासमोरच्या व्यासावरून ते शरीराकडे सरकवले की पलीकडची कड खाली झुकते. पलीकडे सरकवले की जवळची कड पोटाकडे झुकते. एका वेळी एकच बोट सरकवा आणि काड्या हातात घेऊन बघा. मनगट न वळवता दोन्ही काड्या पानावर सपाट पडल्या की बिंदू बरोबर. ताशाचे बिंदू जमवायला ढोलाच्या दुप्पट वेळ लागतो, तो द्या.

पखवाज: पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या दिंड्यांत पखवाज गळ्यात अडकवून मैलोन्‌मैल वाजतो. इथेही तोच धोका, पट्टा एकाच वादीला (पान ताणून धरणाऱ्या चामडी पट्टीला) बांधण्याचा. निदान तीन-चार वाद्या एकत्र पकडेल असं रुंद कडं दोन्ही टोकांना घ्या. वाद्यांखाली सूर लावायला बसवलेल्या लाकडी गठ्ठ्यांवरून पट्टा नेऊ नका. ते सरकले तर वाटेत सूर लावत बसावं लागेल.

सावधान: धातूचा हूक धातूच्या कडीत बसला की प्रत्येक ठोक्याला किणकिण होते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापून हुकावर चढवा. आवाज बंद होतो आणि कडीही झिजत नाही.

टप्पा ४: स्लायडर ओवणं

मिरवणुकीत सरकणारे पट्टे बहुतेक इथेच बिघडलेले असतात. स्लायडर म्हणजे तीन दांड्या आणि दोन फटी असलेला चौकोन. प्लास्टिकचा मिळतो, धातूचाही. ढोलासाठी धातूचा घ्या आणि त्याच्या कडा गुळगुळीत आहेत का ते बोट फिरवून बघा. धारदार कड एका हंगामात पट्टी कापते.

ओवण्याचा क्रम असा:

१. पट्टीचं एक टोक मधल्या दांडीभोवती गुंडाळून स्वतःवरच शिवून टाका. स्लायडर आता या टोकाला कायमचा अडकला.

२. दुसरं, मोकळं टोक वाद्याकडच्या हुकाच्या कडीतून खालून वर काढा आणि मागे स्लायडरकडे वळवा.

३. तेच टोक स्लायडरच्या पहिल्या फटीतून वर काढा, मधल्या दांडीवरून, म्हणजे आधी शिवलेल्या घडीवरून, पलीकडे न्या आणि दुसऱ्या फटीतून खाली घाला.

४. आता हे टोक पाठीवरून पलीकडे जाईल. त्यावर आधी गादी ओवा, मग टोक दुसऱ्या हुकाला शिवा.

चुकतं ते तिसऱ्या पायरीला. पट्टी पहिल्या फटीतून वर येते आणि तशीच पुढे जाते. मधली दांडी ओलांडून परत खाली उतरत नाही. नुसतं बघितलं तर पट्टा तयार दिसतो, हाताने ओढला तरी थोडा धरतो. वजन पडलं की हळूहळू उतरत जातो. दुसरी चूक म्हणजे पट्टीला कुठेतरी पीळ पडलेला असणं. पीळ स्लायडरमध्ये अडकला की एकीकडची कड दबते, दुसरीकडची मोकळी राहते आणि पकड निम्मी होते.

तपासा: स्लायडर डोळ्यांसमोर धरा. मधल्या दांडीवर पट्टीचे थर एकावर एक दिसायला हवेत: आत शिवलेली घडी, वर धावती पट्टी. मग हूक पायाखाली दाबून पट्टा दोन्ही हातांनी जोराने वर झटका. दहा झटक्यांत स्लायडर एक बोटही हलला नाही तर पुढे जा. हलला तर पट्टी स्लायडरसाठी पातळ आहे किंवा फार गुळगुळीत. जाड पट्टी घ्या; पट्टीत गाठ मारून काम भागवू नका. गाठ पट्टीची ताकद घटवते, आणि नेमकी खांद्याच्या हाडावर येते.

झटपट उघडणारी क्लिप हवी असेल तर ती स्लायडरच्या जोडीला लावा, त्याच्या जागी नको. ती पुढच्या बाजूला, हात पोचेल अशी पण टिपरूच्या वाटेत न येणारी असावी. मेन रोडसारख्या अरुंद ठिकाणी गर्दी दाबली गेली आणि वादक चक्कर येऊन बसायला लागला, तर ढोल एका हाताने सुटला पाहिजे. प्लास्टिक क्लिपच्या जिभांवर केसासारखी चीर दिसली की ती क्लिप फेकून द्या. चिकटवून वापरायची वस्तू नाही ती.

टप्पा ५: शिवण

कृत्रिम धाग्याच्या पट्टीचं कापलेलं टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून वितळवून घ्या, म्हणजे धागे सुटत नाहीत. ज्योतीत घालू नका. काळं, कडक टोक झब्बा फाडतं. सुती पट्टी वितळत नाही, तिचं टोक दुमडूनच शिवावं लागतं.

टोक कमीत कमी ५ सें.मी. दुमडा. चौकोनात शिवण घाला आणि चौकोनाच्या आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली. धागा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा, जाड. घरच्या शिलाई मशीनवर ५० मि.मी. पट्टीचे दोन थर ओढताना सुई मोडते; बॅगा नाहीतर चपला शिवणाऱ्या कारागिराकडे न्या. त्याला चौकोन आणि फुली कागदावर काढून दाखवा. नुसतं “जरा घट्ट शिवा” म्हटलं की तो एकच आडवी शिवण दोनदा मारतो, आणि ती सुटली की सगळंच सुटतं.

टप्पा ६: अंगावर घेऊन लांबी

आता लांबीकडे. इथेही क्रम आहे.

आधी पट्टा पूर्ण सैल करा. वाद्य स्टुलावर ठेवा, पुढे होऊन पट्टा डोक्यावरून घाला. जमिनीवरचा ढोल पट्ट्याने उचलून उभं राहू नका. कमरेला उसण भरते ती इथे.

ढोल असेल तर आधी कमरेची बांधणी. ती पोटावर नाही, कमरेच्या हाडांच्या वर टेकेल अशी आवळा. श्वास भरून सोडताना अडकता कामा नये. ढोल आता कमरेवर टेकलेला हवा. खांद्याचा पट्टा अजून लोंबतोच आहे.

मग मदतनीस पाठीमागून खांद्याचा पट्टा हळूहळू ओढेल. तुम्ही समोर बघा, हात मोकळे सोडा. ढोलाचं वरचं अंग पुढे कलायचं थांबलं की पट्टा पुरेसा आवळला. आणखी ओढला की कमरेवरचं वजन खांद्यावर चढतं. बहुतेकांचा पट्टा इथे दोन-तीन बोटं जास्त ओढलेला असतो. “घट्ट म्हणजे पक्का” हा समज काही जात नाही.

ताशा आणि पखवाजाला कमरेची बांधणी नसते, सगळं वजन पट्ट्यावर. पट्टा नुसता मानेवर न घेता एका खांद्यावरून तिरका किंवा दोन्ही खांद्यांवरून पाठीवर फुली करून घ्या. फुलीचा पट्टा घालायला वेळ लागतो आणि त्याची कुरकुर सगळे करतात. दिंडीत दिवसभर चालणाऱ्याला मात्र मी तोच सांगेन.

उंची बरोबर कशी ओळखायची? खांदे खाली सोडा, कोपर अंगालगत ठेवा, हात पुढे करा. टिपरू खांदा न उचलता पानाच्या मध्यावर पडलं पाहिजे आणि दुसऱ्या हाताची थाप मनगट न मोडता बसली पाहिजे. टिपरू मारताना खांदा कानाकडे जात असेल तर ढोल वर आहे. पाठीतून वाकावं लागत असेल तर खाली आहे.

शेवटी गादी सरकवून खांद्याच्या मधोमध आणा. तिरक्या पट्ट्यावर तिचा जाड भाग थोडा पाठीकडे असावा. वजन मागूनही ओढतं, हे समोर आरशात दिसत नाही.

तपासा: गादी आणि खांदा यांच्यामध्ये दोन बोटं सरकवा. सहज गेली तर खांद्याला काही काम नाही, पट्टा सैल आहे. शिरतच नसतील तर फार घट्ट. थोडा जोर लावून गेली की ठीक.

मग गुडघे उचलून जागेवर दहा पावलं चाला. गुडघा ढोलाला लागला तर पट्टा नाही, कमरेची बांधणी एक बोट वर घ्या.

टप्पा ७: खूण

लांबी जमली की स्लायडरच्या दोन्ही कडांना पट्टीवर खडूची रेघ ओढा आणि घरी गेल्यावर तिथे रंगीत धाग्याचे दोन टाके घाला. एक ढोल तिघं वाजवत असतील तर तीन रंग. सरावाला उशिरा आलेला वादक मग “दादा, हा माझा पट्टा कुणी हलवला?” असं म्हणत दहा मिनिटं घालवत नाही, आपला रंग बघतो, स्लायडर तिथे आणतो आणि उभा राहतो. शाईची खूण करू नका. पहिल्या पावसात ती झब्ब्यावर उतरते.

टप्पा ८: चाचणी

मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा नवा पट्टा घालणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि दरवर्षी कुणीतरी तो करतंच.

पहिल्या दिवशी फक्त दहा मिनिटं, साधा ठेका, उभं राहून. काढा, खांदा बघा. लालसर पट्टा उमटला तर चालतं. एकाच कडेला बारीक रेघ उमटली असेल तर पट्टी तिरकी बसते आहे. दुसऱ्या वेळी अर्धा तास, चालत, थांबत. विसर्जनाची मिरवणूक चालते कमी आणि थांबते जास्त. रविवार कारंजाच्या चौकात उभं राहून वाजवण्यात जितका खांदा भरतो तितका चालण्यात भरत नाही, म्हणून थांबण्याचाही सराव हवा.

तिसऱ्यांदा पट्टा मुद्दाम भिजवून. बादलीत बुडवा, पिळा, घाला आणि वाजवा. स्लायडर सरकतो का, पट्टी किती ताणते, खूण कुठे जाते, हे पावसाच्या आधी कळलेलं बरं.

सावधान: हाताला मुंग्या येणं, बोटं बधिर होणं किंवा पकड सैल पडणं ही दमल्याची लक्षणं समजू नका. मान आणि खांद्याच्या मधून हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब पडला की असं होतं. त्याच क्षणी वाद्य उतरवा, पट्टा मानेपासून बाहेर सरकवा. वाद्य उतरवल्यावरही मुंग्या राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा. गादी वाढवून हे जात नाही.

मोठ्या मिरवणुकीत दर थांब्याला खांदा बदला. तिरक्या पट्ट्याला हे जमावं म्हणून दोन्ही हूक एकाच मापाचे ठेवा, म्हणजे पट्टा उलटा घालता येतो.

इतर सामान, थोडक्यात

फवारणीचा पंप: निफाड, दिंडोरीकडे द्राक्षबागेत ट्रॅक्टरचे ब्लोअर आले तरी कडेच्या वेलींना, रोपांना पाठीवरचा पंप लागतोच. १६ लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच १६ किलो, पंपाचं वजन वेगळं. दोन्ही पट्टे सैल करून पंप कट्ट्यावर ठेवा, पाठ लावून हात घाला, आणि मग दोन्ही पट्टे एकाच वेळी खाली ओढा. एक आधी आणि एक नंतर ओढला की टाकी तिरकी बसते आणि पाणी हिंदकळून ती आणखी कलते. छातीवर दोन्ही पट्टे जोडणारी आडवी पट्टी लावून घ्या. एका खांद्यावर पंप अडकवून फवारणी कधीच नको.

इथे सुती गादी अजिबात चालणार नाही. गळलेलं औषध ती शोषून घेते आणि दिवसभर खांद्याला चिकटून राहते. पाणी न पिणारी, धुता येणारी गादी घ्या आणि प्रत्येक फवारणीनंतर पट्टे हातमोजे घालून, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा.

हार्मोनियम: भजनात उभं राहून वाजवायची पेटी दोन्ही खांद्यांवर पट्टे घेऊनच. कड्या पेटीच्या लाकडाला स्क्रूने बसवलेल्या असतात. स्क्रू आतून वॉशर आणि नटाने पक्का आहे का ते आधी बघा. नुसता लाकडात रुतवलेला स्क्रू एक दिवस उपटून येतो.

गिटार: बसून वाजवताना गिटार ज्या उंचीवर असते, उभं राहिल्यावरही ती तिथेच राहील इतकी लांबी. पट्ट्याचं भोक बटणावर सैल झालं असेल तर आधी पट्टा बदला.

कॅमेरा: मानेवर नाही, तिरका. बकल पाठीवर येऊ देऊ नका. गर्दीत कुणी उघडलं तर कळत नाही.

वापरानंतर

मिरवणुकीहून आल्या आल्या पट्टा ढोलावरून काढा. गुलाल आणि घाम एकत्र वाळला की स्लायडरच्या फटीत त्याचा थर बसतो, मग पट्टी सरकत नाही आणि लोक पक्कड लावून ओढतात. पट्टा उलटा करून कोरडा झटका, मग कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा. स्लायडर जुन्या दातांच्या ब्रशने घासा. ब्लीच नको, वॉशिंग मशीन नको. सावलीत, ताणून न टांगता, आडवा पसरून वाळवा. धातूच्या कड्या कोरड्या करून तेलाचं बोट फिरवा आणि पुसून घ्या, नाहीतर ते तेल पट्टीत उतरतं. चामड्याचा पट्टा असेल तर तो पाण्यात घालू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि उन्हापासून लांब ठेवा.

पूर्ण कोरडा झाल्याशिवाय पिशवीत भरू नका. गुंडाळी सैल करा आणि स्लायडर दर वेळी थोड्या वेगळ्या जागी ठेवा, म्हणजे एकाच ठिकाणी कायमची घडी पडत नाही.

पुढच्या हंगामात काढल्यावर पहिल्यांदा ही चार ठिकाणं बघा: स्लायडरची मधली दांडी जिथे घासते ती पट्टी, दोन्ही हुकांजवळच्या घड्या, फुलीच्या शिवणीचे कोपरे, आणि हुकाची स्प्रिंग. पट्टीची कड उसवून केसाळ झाली असेल, रंग उडून ती कडक लागत असेल किंवा शिवणीचे दोन-तीन टाके तुटले असतील तर टोक कापून नव्याने शिवता येतं का बघा. कापून उरलेली लांबी टप्पा १ मधल्या मापात बसत नसेल तर नवी पट्टी घ्या. जुने हूक, कड्या आणि धातूचा स्लायडर मात्र काढून ठेवा. ते चांगले असतील तर पुढच्या पट्ट्यालाही चालतात, आणि नवा पट्टा कमी खर्चात होतो.